शनिवार प्रेक्षकांना परत मिळावा

प्रति,
अध्यक्ष, नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन (एनसीएए), इंडियानापोलिस,
आणि संघटनेशी संलग्न विद्यापीठांचे सर्व क्रीडासंचालक, अमेरिका.

विषय: महाविद्यालयीन फुटबॉलच्या सामन्यांची उपस्थिती आणि सीझन तिकिटांची विक्री.

सन्माननीय महोदय व महोदया,

महाविद्यालयीन फुटबॉलच्या स्टेडियममधील रिकाम्या जागा हा गेल्या दीड दशकात आपल्या बैठकांमध्ये वारंवार चर्चेला आलेला विषय आहे, आणि वेगवान इंटरनेटपासून बिअरच्या विक्रीपर्यंत व भव्य पडद्यांपासून गादीच्या खुर्च्यांपर्यंत अनेक उपाय त्यावर योजून झाले आहेत. हे सारे उपाय प्रेक्षक आता घरी का थांबतो या प्रश्नाभोवती फिरतात. तो पूर्वी दर शनिवारी न चुकता का येत असे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत पत्राचे म्हणणे असे, की तो सवयीने येत असे, आणि ती सवय पाच गोष्टींवर उभी होती: ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ओळखीचा प्रतिस्पर्धी आणि शेजारी वर्षानुवर्षे बसणारा तोच माणूस. गेल्या चाळीस वर्षांत या पाचही गोष्टींची एकेक करून किंमत ठरवली गेली आणि त्या विकल्या गेल्या. सीझन तिकिटांचा प्रश्न सोडवायचा असेल, तर जाहिरातीच्या आधी या गोष्टींची परतफेड व्हायला हवी.

मराठी वाचकांसाठी येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. महाराष्ट्रात ज्याला फुटबॉल म्हणतात, त्याला अमेरिकेत सॉकर असे नाव आहे. तेथील फुटबॉल लंबगोल चेंडूने, मुख्यतः हातांनी, प्रत्येकी अकरा खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जातो, आणि चेंडू ज्यांच्या ताब्यात असेल त्यांना चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. विद्यापीठांच्या संघांचे सामने परंपरेने शनिवारी होतात. हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन डिसेंबरच्या आरंभापर्यंत चालतो, आणि प्रत्येक संघाच्या साधारण बारा सामन्यांपैकी सहा-सात सामने त्याच्या स्वतःच्या मैदानावर होतात. या घरच्या सर्व सामन्यांचे जे एकत्र तिकीट हंगामापूर्वीच विकले जाते, ते सीझन तिकीट होय. पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचे सर्व दिवसांचे तिकीट काढणाऱ्या रसिकांना ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील विशेष इतकाच, की तेथे तिकीटधारकाची जागा नेमून दिलेली असते आणि पुढच्या वर्षी तीच जागा पुन्हा घेण्याचा पहिला हक्क त्याच्याकडे राहतो. त्यामुळे कित्येक घरांत स्टेडियममधील दोन जागा आजोबांकडून नातवाकडे आलेल्या असतात, आणि त्या सोडताना घरातील एखादी वस्तू विकल्यासारखे दुःख होते.

या सवयीची मुळे किती खोल आहेत, हे इतिहासावरून कळते. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला, तेव्हा जेमतेम शंभर प्रेक्षक हजर होते. पुढच्या सहा दशकांत मात्र या खेळाने काँक्रीटची प्रचंड स्टेडियम उभी करवून घेतली: हार्वर्डचे १९०३ मध्ये, येलचे १९१४ मध्ये आणि ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठाचे १९२७ मध्ये. मिशिगनच्या स्टेडियमची क्षमता आज १,०७,६०१ आहे, आणि महामारीमुळे रिकाम्या राहिलेल्या २०२० च्या हंगामाचा अपवाद सोडला, तर १९७५ पासून तेथील प्रत्येक सामन्याची अधिकृत उपस्थिती एक लाखाच्या वर नोंदली गेली आहे. नेब्रास्का राज्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. तरीही लिंकन येथील मेमोरियल स्टेडियममधील प्रत्येक सामन्याची सर्व तिकिटे नोव्हेंबर १९६२ पासून विकली गेल्याची नोंद आहे, आणि अशा सलग सामन्यांची संख्या चारशेच्या पुढे गेली आहे. जगात अन्यत्र कोठेही विद्यार्थ्यांच्या खेळासाठी इतकी माणसे इतक्या नियमितपणे एकत्र येत नाहीत, आणि म्हणूनच या परंपरेला लागलेली ओहोटी ही केवळ हिशेबवहीतील तूट मानता येत नाही.

ओहोटीची आकडेवारी आपल्याला परिचित आहे. फुटबॉल बोल सबडिव्हिजन, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वांत वरचा स्तर, येथील सामन्यांची सरासरी उपस्थिती २००८ च्या सुमारास ४६ हजारांच्या पुढे गेली होती. २०१७ मध्ये ती ४२,२०३ वर आली आणि एका वर्षातील ती घट तीन दशकांहून अधिक काळातील सर्वांत मोठी ठरली. २०१८ मध्ये सरासरी ४१,८५६ पर्यंत उतरली, जो १९९६ नंतरचा नीचांक होता. महामारीनंतर आकडे काहीसे सावरले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु जाहीर होणारे आकडे बहुधा विकलेल्या किंवा वाटलेल्या तिकिटांचे असतात, प्रवेशद्वारातून आत आलेल्या माणसांचे नसतात. वॉल स्ट्रीट जर्नल या दैनिकाने २०१८ मध्ये विद्यापीठांकडून प्रवेशद्वारावर स्कॅन झालेल्या तिकिटांच्या नोंदी मिळवल्या, तेव्हा प्रत्यक्ष आलेले प्रेक्षक जाहीर आकड्याच्या सरासरी ७१ टक्केच असल्याचे दिसले. ज्याने तिकिटाचे पैसे भरले आहेत आणि तरीही जो येत नाही, तो प्रेक्षक पुढच्या वर्षी तिकीट घेणार नाही याची ती पूर्वसूचना असते. ती झाकून ठेवणारा आकडा संस्थेचीच फसगत करतो.

घट होण्यामागे दूरचित्रवाणी आहे, असे सरसकट म्हटले जाते, आणि ही भीती फार जुनी आहे. १९५१ मध्ये एनसीएएने थेट प्रक्षेपणावर निर्बंध घातले, त्यामागे घरबसल्या सामना दिसू लागला तर स्टेडियम ओस पडेल हीच चिंता होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने ते निर्बंध झुगारण्याचा प्रयत्न केला, पण संघटनेच्या दबावापुढे त्याला माघार घ्यावी लागली. पुढे तीन दशके कोणत्या संघाचे किती सामने दाखवायचे, हे संघटनाच ठरवत राहिली. २७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमा विद्यापीठाच्या विश्वस्तांच्या दाव्यात सात विरुद्ध दोन मतांनी ही व्यवस्था मक्तेदारीविरोधी कायद्याच्या विरुद्ध ठरवली. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी बहुमताचा निकाल लिहिला; मतभेद नोंदवणाऱ्यांत न्यायमूर्ती बायरन व्हाइट होते, जे तरुणपणी स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते, आणि त्यांना या खेळाकडे निव्वळ व्यापार म्हणून पाहणे मान्य नव्हते. निकालानंतर प्रक्षेपणाचे हक्क विद्यापीठांच्या प्रादेशिक संघटनांकडे, म्हणजे कॉन्फरन्सेसकडे गेले. २००७ मध्ये बिग टेन, २०१४ मध्ये एसईसी आणि २०१९ मध्ये एसीसी या कॉन्फरन्सेसच्या नावाच्या स्वतंत्र वाहिन्या सुरू झाल्या, आणि २०२२ मध्ये बिग टेनने केलेला सात वर्षांचा करार सात अब्ज डॉलरच्या घरात गेला.

येथे एक भेद काळजीपूर्वक करावा लागतो. सामना दूरचित्रवाणीवर दिसतो, एवढ्याने सवय मोडत नाही. मिशिगन व नेब्रास्का येथील गर्दी प्रक्षेपणाच्या भरभराटीच्या काळातच टिकून राहिली. सवय मोडते ती सामन्याची वेळ दूरचित्रवाणीच्या हाती गेल्यामुळे. आज बहुतेक सामन्यांची सुरुवात दुपारी बाराला होणार, साडेतीनला होणार की रात्री, हे वाहिन्या सामन्याच्या बारा दिवस आधी, आणि काही वेळा केवळ सहा दिवस आधी ठरवतात. तीनशे किलोमीटर अंतरावरून मोटारीने येणाऱ्या कुटुंबाला हॉटेलची खोली कधी घ्यायची, लहान मुलांना बरोबर आणायचे की नाही, रविवारी पहाटे घरी पोहोचून सोमवारची शाळा कशी गाठायची, यांपैकी काहीच आधी ठरवता येत नाही. मिड-अमेरिकन कॉन्फरन्समधील लहान विद्यापीठांना तर नोव्हेंबरच्या कडाक्याच्या थंडीत मंगळवारी आणि बुधवारी रात्री सामने खेळावे लागतात, कारण त्या दिवशी प्रक्षेपणाची जागा रिकामी असते. अशा रात्री स्टेडियममध्ये कोण येणार? त्यात सामना तीन तासांहून अधिक लांबतो, आणि प्रत्येक जाहिरातीच्या वेळी मैदानावरील खेळाडू आणि बाकांवरील प्रेक्षक दोघेही नुसते उभे राहतात. २०२३ पासून पहिल्या डाऊननंतरही, म्हणजे आवश्यक दहा यार्ड पार केल्यावरही, घड्याळ चालू ठेवण्याचा नियम आला, पण त्याने कमी झाला तो खेळ. जाहिरातींची विश्रांती आहे तेवढीच राहिली.

वेळेनंतर जागेचा विचार. सीझन तिकिटाची खरी किंमत तिकिटावर छापलेली नसते. चांगली जागा हवी असेल, तर बहुतेक मोठ्या विद्यापीठांत आधी क्रीडानिधीला देणगी द्यावी लागते, आणि त्या देणगीमुळे तिकीट विकत घेण्याचा हक्क मिळतो. १९८८ च्या कायद्याने अशा देणगीच्या ८० टक्के रकमेवर करसवलत दिली होती, त्यामुळे व्यवस्थेचा भार अंशतः सरकारी तिजोरीवर पडत असे आणि देणगीचे आकडे वर्षानुवर्षे वाढत गेले तरी धारकाला त्याची झळ पूर्णपणे जाणवत नसे. डिसेंबर २०१७ च्या करकायद्याने ही सवलत रद्द केली. त्याच काळात पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांमुळे कोणत्याही एका सामन्याचे तिकीट आयत्या वेळी, आणि दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या सामन्याचे तर छापील किमतीच्या अंशात मिळू लागले. घरच्या सात सामन्यांपैकी दोन-तीन सामने असे असतात, की पाहुण्या संघाला केवळ येऊन खेळण्यासाठी, बहुधा हरण्यासाठी, मोठी रक्कम मोजलेली असते. १ सप्टेंबर २००७ रोजी ॲपलाचियन स्टेटने मिशिगनला ३४-३२ असे हरवले, तसा चमत्कार अपवादानेच घडतो. एरवी अशा सामन्याचे तिकीट सीझन तिकीटधारकाच्या गळ्यात पडते, आणि जो फक्त मोठ्या सामन्यापुरते तिकीट विकत घेतो तो अधिक शहाणा ठरतो. निष्ठावंत ग्राहकाला सर्वांत महाग आणि चंचल ग्राहकाला सर्वांत स्वस्त पडणारी व्यवस्था टिकत नाही.

प्रतिस्पर्ध्याची गोष्ट याहून गंभीर आहे. शेजारच्या राज्यातील, अनेकदा त्याच राज्यातील विद्यापीठाशी शंभर वर्षे चाललेले वैर हे या खेळाचे हृदय होते, कारण ते वैर कामाच्या ठिकाणी, चर्चमध्ये आणि लग्नसंबंधांतही वर्षभर जिवंत राहत असे. कॉन्फरन्सेसच्या पुनर्रचनेने हे धागे तोडले. २०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील चार विद्यापीठे बिग टेनमध्ये गेली, आणि लॉस एंजेलिस व न्यू जर्सी यांच्यातील जवळजवळ चार हजार किलोमीटरचे अंतर एका कॉन्फरन्समध्ये आले. शतकाहून जुनी पॅसिफिक कॉन्फरन्स दोन सदस्यांवर उरली. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांच्यातील वार्षिक लढत २०२३ नंतर थांबली. जुने वैर परत आले की काय होते, तेही दिसले आहे. पिट्सबर्ग आणि वेस्ट व्हर्जिनिया यांच्यातील सामना अकरा वर्षांच्या खंडानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये झाला, तेव्हा ७०,६२२ प्रेक्षक आले. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांची लढत २०११ नंतर प्रथमच नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली, तेव्हा टेक्सास ए अँड एमच्या कायल फील्ड या स्टेडियमची अधिकृत क्षमता ओलांडून १,०९,०२८ जणांची नोंद झाली. या दोन्ही वेळी तिकिटे खपवण्यासाठी कोणत्याही सवलतीची गरज पडली नाही.

सवय तरुणपणी लागते, म्हणून विद्यार्थ्यांच्या जागांचा प्रश्न उद्याच्या सीझन तिकीटधारकांचा प्रश्न आहे. मिशिगनने २०१४ च्या हंगामासाठी विद्यार्थ्यांच्या सीझन तिकिटाचा दर २९५ डॉलर ठेवला होता. संघाची कामगिरी खालावली होती, घरचे सामनेही फारसे आकर्षक नव्हते, आणि विद्यार्थ्यांची विक्री हजारोंनी घसरली. विद्यापीठाने चूक ओळखून पुढच्या वर्षासाठी दर १७५ डॉलरवर आणला, आणि हे धैर्य अनुकरणीय आहे. अलाबामा विद्यापीठाने २०१९ मध्ये दुसरा मार्ग धरला: विद्यार्थ्याच्या फोनवरून तो चौथ्या सत्रापर्यंत स्टेडियममध्ये थांबला की नाही हे पाहून गुण द्यायचे, आणि त्या गुणांवर पुढील मोठ्या सामन्यांच्या तिकिटांचा अग्रक्रम ठरवायचा. थांबणाऱ्याचे कौतुक करण्याचा हेतू चांगला असला, तरी पाळत ठेवून लावलेली शिस्त पदवीबरोबर संपते, आणि पंचेचाळीसाव्या वर्षी कोणी गुणांसाठी सीझन तिकीट घेत नाही. लहान विद्यापीठांत तर क्रीडाविभागाचा मोठा खर्च सर्व विद्यार्थ्यांकडून सक्तीने घेतलेल्या शुल्कातून भागवला जातो. ज्यांनी शुल्कातून आधीच पैसे भरले आहेत, त्यांच्यासाठी स्टेडियमचे दार विनाअट उघडे असणे न्याय्य ठरते.

याच संदर्भात एका दुर्लक्षित समूहाकडे लक्ष वेधणे उचित होईल. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, आणि त्या वर्षी संख्येत भारत सर्व देशांत पहिला ठरला. त्यांतील निम्म्याहून अधिक पदव्युत्तर अभ्यासक्रमांत होते. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून गेलेले तरुण पर्ड्यू, टेक्सास ए अँड एम, ॲरिझोना स्टेट अशा ज्या विद्यापीठांत शिकतात, त्यांतील कित्येकांची स्टेडियम वसतिगृहापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. क्रिकेटच्या मैदानावरचा दिवसभराचा मुक्काम, गणपतीतील ढोल-ताशाची पथके आणि गर्दीत मिसळण्याचा आनंद ज्यांना बालपणापासून ठाऊक आहे, त्यांना मार्चिंग बँडच्या तालावर उभे राहायला शिकवावे लागणार नाही. त्यांना फक्त चार प्रयत्न आणि दहा यार्ड म्हणजे काय, हे कोणीतरी आपुलकीने समजावून सांगावे लागेल. नव्या परदेशी विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या आठवड्यात नियमांची तासाभराची ओळख, पहिल्या सामन्याचे मोफत तिकीट, आणि शाकाहारी माणसाला पोटभर खाता येईल असा एखादा स्टॉल, एवढ्याने ही सुरुवात होऊ शकते. हे विद्यार्थी पुढे त्याच देशात नोकरी करतात, मुले वाढवतात आणि विद्यापीठाला देणगी देण्याइतके स्थिरावतात. त्यांच्या मुलांचा पहिला शनिवार कोठे जाईल, हे त्या पहिल्या तिकिटावर ठरते.

ज्या उपायांनी खरोखर फळ दिले, त्यांत एक समान सूत्र आढळते. टेक्सास विद्यापीठाने २०१८ पासून ऑस्टिन येथील स्टेडियमबाहेरच्या रस्त्यावर सामन्यापूर्वीची जत्रा आणि विनामूल्य संगीताचे कार्यक्रम सुरू केले, त्यामुळे ज्याच्या हाती तिकीट नाही त्यालाही शनिवारचे आमंत्रण मिळाले. अटलांटातील व्यावसायिक संघाच्या मालकांनी २०१७ मध्ये नव्या स्टेडियममध्ये खाद्यपदार्थांच्या किमती जवळजवळ निम्म्यावर आणल्या, तेव्हा प्रत्येक प्रेक्षकामागील खर्च आधीच्या वर्षापेक्षा १६ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांनीच जाहीर केले. माणसे लवकर येऊ लागली आणि पोटभर खाऊ लागली. मिनेसोटा विद्यापीठाने २००९ मध्ये आणि न्यू ऑर्लीन्सच्या टुलेनने २०१४ मध्ये शहरातील परक्या स्टेडियममधून सामने पुन्हा विद्यापीठाच्या आवारात आणले, तर यूसीएलएच्या विद्यार्थ्यांना आजवर घरच्या सामन्यासाठी सुमारे ४० किलोमीटरवरचे रोझ बोल स्टेडियम गाठावे लागत आले आहे, आणि तेथील रिकामी बाके सर्वांनी पाहिली आहेत. ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठांत मध्यंतराला कोणी जागा सोडत नाही, कारण तेव्हा बँडची जुगलबंदी रंगते. ग्रॅम्बलिंग आणि सदर्न या अशा दोन विद्यापीठांमधील बायू क्लासिक हा सामना १९७४ पासून त्या उत्सवावरच उभा आहे. अलाबामाच्या बर्मिंगहॅम येथील विद्यापीठाने डिसेंबर २०१४ मध्ये आपला संघ बंद केला, तेव्हा शहराने वर्गणी काढून तो परत मिळवला, आणि २०१७ मध्ये संघ मैदानात उतरला तेव्हा प्रेक्षक पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक संख्येने आले. आयोवा सिटीत २०१७ पासून पहिल्या सत्राच्या अखेरीस सारे स्टेडियम वळून शेजारच्या बालरुग्णालयाच्या खिडक्यांकडे हात हलवते, आणि आजारी मुले वरून हात हलवून उत्तर देतात. या प्रत्येक ठिकाणी माणसाला आपण त्या जागेचा भाग आहोत असे वाटले, आणि घरच्या पडद्यासमोर ही भावना मिळत नाही.

याला एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात, आणि पहिल्या वर्षासाठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरली. हा पैसा दूरचित्रवाणी आणि तिकिटे यांतूनच यायचा असेल, तर वेळ परत मागण्याची किंवा दर उतरवण्याची चैन कोणाला परवडेल? टेनेसी विद्यापीठाने २०२५ च्या तिकिटांवर खेळाडूंसाठी दहा टक्के अधिभार लावला, तो याच गरजेपोटी. खेळाडूंना त्यांच्या श्रमाचा वाटा मिळणे न्यायाचेच आहे, आणि त्याबद्दल प्रेक्षकांची तक्रारही नाही. परंतु वाहिन्या जे विकत घेतात ते केवळ खेळाडूंचे कौशल्य नसते, कारण त्याहून श्रेष्ठ कौशल्य रविवारच्या व्यावसायिक सामन्यांत दिसते. त्या विकत घेतात ते पेन स्टेटच्या पांढऱ्या वेशातील एक लाख माणसांचा गजर, विस्कॉन्सिनच्या विद्यार्थ्यांच्या एकत्र उड्यांनी हादरणारे बाक आणि कायल फील्डवर संपूर्ण सामना उभे राहणारे विद्यार्थी. डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदाच्या बारा संघांच्या स्पर्धेची पहिली फेरी प्रथमच विद्यापीठांच्या आवारांत झाली, आणि त्या चार सामन्यांचे वातावरण हेच तिचे सर्वांत मोठे आकर्षण ठरले. गर्दी गेली, तर पुढच्या कराराच्या वेळी विकायला तेच उरणार नाही.

म्हणून पुढील पाच विनंत्या सादर आहेत. पहिली, कॉन्फरन्सेसनी यापुढील प्रक्षेपण-करारांत घरच्या किमान चार सामन्यांची वेळ हंगाम सुरू होण्यापूर्वी जाहीर करण्याची अट घालावी, आणि आठवड्याच्या मधल्या रात्रीचे सामने विद्यापीठाच्या संमतीविना लादू नयेत. दुसरी, एनसीएएने प्रत्यक्ष प्रवेश केलेल्या प्रेक्षकांचा आकडा विकलेल्या तिकिटांच्या आकड्यासोबत प्रसिद्ध करणे बंधनकारक करावे. वरच्या स्तरात राहण्यासाठी सरासरी १५,००० उपस्थितीची जी अट अनेक वर्षे होती, ती मोजतानाही विकलेली तिकिटे धरण्याची मुभा होती, आणि तिथूनच खोट्या समाधानाला सुरुवात झाली. तिसरी, सीझन तिकिटाचा प्रतिसामना दर पुनर्विक्रीच्या बाजारापेक्षा कधीही महाग पडणार नाही अशी हमी द्यावी, दुबळ्या सामन्याचा भार धारकावर टाकू नये, आणि ज्याला येता येणार नाही त्याने परत केलेली जागा शाळकरी मुलांपर्यंत पोहोचवावी. नेब्रास्काने २०२१ पासून दात्यांच्या मदतीने वंचित मुलांना तिकिटे देण्याची योजना चालवली आहे, तिचा विस्तार सर्वत्र होऊ शकेल. चौथी, प्रत्येक विद्यापीठाने आपल्या परिसरातील एका जुन्या प्रतिस्पर्ध्याशी, तो कोणत्याही कॉन्फरन्समध्ये असला तरी, दरवर्षी खेळावे. पाचवी, पदवी मिळाल्यानंतरच्या पाच वर्षांसाठी माजी विद्यार्थ्यांना विद्यार्थिदराजवळचे सीझन तिकीट, देणगीच्या अटीविना, मिळावे; बाविसाव्या आणि तिसाव्या वर्षांमधील या काळात नोकरी, कर्ज आणि नवा संसार यांच्या ओढाताणीत शनिवार निसटतो, आणि एकदा निसटलेला शनिवार चाळिशीत परत येत नाही.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने सुमारे ४७ हजारांच्या जुन्या स्टेडियमच्या जागी ३५ हजारांचे नवे स्टेडियम बांधायला घेतले, आणि मोजक्या, आरामशीर जागांचा तो मार्ग इतरांनाही मोहात पाडेल. काही ठिकाणी तो योग्यही असेल. पण जागा कमी करून स्टेडियम भरल्याचे समाधान मिळवणे आणि माणसे परत आणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी लागणारी पहिली कृती अगदी लहान आहे. आज सीझन तिकिटांच्या वेळापत्रकात सामन्याच्या तारखेपुढे बहुतेक ठिकाणी ‘वेळ नंतर कळवण्यात येईल’ असे छापलेले असते. पुढच्या हंगामाच्या वेळापत्रकात त्या ओळीच्या जागी घड्याळातील वेळ छापली जावी, इतक्याने सुरुवात झाली, तरी घराघरांतील दिनदर्शिकेवर तो शनिवार पुन्हा राखून ठेवला जाईल.

कळावे,

महाविद्यालयीन फुटबॉलच्या परंपरेचा आदर करणारा,
एक मराठी अभ्यासक